निरोपाच्या गाण्यातला शब्द कोणी पाळायचा?

फेब्रुवारी २०१५. कुरुंदवाडात आमचा बारावीचा निरोप समारंभ संपला. पाहुणे गेले, गुलाबाची फुलं वाटून झाली, वाडीचा पेढा खाऊन झाला. मग आम्ही पंधरा-वीस जण मागच्या एका वर्गात दार लोटून बसलो. स्पीकर नव्हता. एकाच्या फोनवर केकेच्या 'यारों'चा कराओके ट्रॅक डाउनलोड केलेला होता. आवाज वाढावा म्हणून फोन स्टीलच्या तांब्यात उभा केला आणि तांब्या कलंडू नये म्हणून एक मित्र तो दोन्ही हातांत धरून बसला. बाकी सगळे गायलो. बेसूर, घसा फाटेपर्यंत, काही जण रडत. एकमेकांना कधीच विसरायचं नाही, असं त्या दिवशी ठरलं.

वर्षभरात त्यातल्या बहुतेकांशी माझं बोलणं थांबलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुप उरला. त्यात वाढदिवसाचे केक आणि सकाळचे सुविचार.

मग त्या दिवशी आम्ही खोटं बोललो का?

हा प्रश्न मला पुण्यात एका जपानी भाषेच्या वर्गात पुन्हा भेटला. बॅचच्या शेवटच्या दिवशी बाईंनी लॅपटॉपवर 'होतारु नो हिकारी' लावलं. अर्थ, काजव्यांचा उजेड. तेलाला पैसे नसलेला एक गरीब विद्यार्थी काजव्यांच्या उजेडात अभ्यास करायचा, अशी जुनी चिनी गोष्ट त्यामागे आहे. चाल मात्र स्कॉटलंडची, 'ऑल्ड लँग साइन'ची. जपानच्या शिक्षण खात्यानं १८८१ च्या शालेय गीतसंग्रहात ती घेतली आणि तिच्यावर जपानी शब्द बसवले. तिकडे दुकानं बंद व्हायच्या वेळीही हीच चाल वाजते. आपल्याकडे खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट 'अंतिम पग' ओलांडून बाहेर पडतात, तेही याच चालीवर. म्हणजे आपला सगळ्यात खाजगी वाटणारा क्षण बहुतेक वेळा उसन्या सुरावर चाललेला असतो.

जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि निरोपाच्या गाण्यांचा तिथे एक वेगळा प्रकारच आहे. शाळेच्या हॉलमध्ये रांगेत उभं राहून म्हटलेली गाणी मुलं पुन्हा मित्रांबरोबर कराओकेच्या छोट्या खोलीत म्हणतात. गाणं तेच, पण हॉलमध्ये ते म्हणावं लागतं आणि खोलीत म्हणावंसं वाटतं. माझ्या प्रश्नाची अर्धी गाठ या फरकात आहे.

१८८४ चं 'आओगेबा तोतोशी' घ्या. गुरुजनांचे उपकार मानणारं हे गाणं कित्येक पिढ्यांनी म्हटलं. पुढे अनेक शाळांनी ते सोडलं. भाषा जुनी झाली हे एक कारण. दुसरं असं की, ज्याचे आभार मानायचे तोच समोर उभा राहून आभार म्हणवून घेतो, हे लोकांना खटकू लागलं. गंमत म्हणजे ही चालही उसनी निघाली. १८७१ च्या एका अमेरिकन गाण्यांच्या पुस्तकात ती २०११ मध्ये एका जपानी प्राध्यापकाला सापडली.

याच्या उलट गोष्ट १९९१ ची. सैतामा प्रांतात चिचिबु नावाच्या गावी कागेमोरी ही माध्यमिक शाळा. तिथले मुख्याध्यापक नोबोरु कोजिमा यांनी शब्द लिहिले, संगीताच्या शिक्षिका हिरोमी ताकाहाशी यांनी चाल लावली आणि शिक्षकांनी ते गाणं निघालेल्या मुलांसाठी म्हटलं. 'ताबिदाची नो ही नी', म्हणजे प्रस्थानाच्या दिवशी. आज जपानभर शाळांतून ते म्हटलं जातं. इथे कृतज्ञता मागून घेतलेली नाही, आधी देऊन टाकलेली आहे. बहुधा म्हणूनच मुलांनी ते आपलं मानलं.

तर शब्द किंवा चाल उसनी असली म्हणून भावना खोटी ठरत नाही. हे कुरुंदवाडच्या माणसाला तरी कोणी सांगायला नको. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म आमच्या गावचा, १८ ऑगस्ट १८७२ चा. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही एखाद्या राजाच्या मर्जीवर नाही, लोकांच्या आधारावर. दरबारात आणि घराण्यांत राहिलेलं गाणं त्यांनी साध्या घरांतल्या मुलामुलींच्या गळ्यात आणलं. दुसऱ्यानं बांधलेली चीज जीव लावून म्हटली की ती म्हणणाऱ्याची होते, यावरच तर शिकण्याचा सगळा डोलारा उभा आहे.

भावना खरी होती, हे मान्य. पण वचन? वचन म्हणायचं तर कोणी, कोणाला, काय करण्याचा शब्द दिला हे सांगता आलं पाहिजे. वीस जणांनी मिळून वीस जणांना 'विसरणार नाही' म्हटलं, तर मोडलं कोणी हे शोधायचं कसं? न विसरणं आपल्या हातात तरी असतं का? या हिशेबानं त्या दुपारी कोणीच काही कबूल केलं नव्हतं. मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो. सोयीचं होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये ती सोय संपली.

आमच्याकडे पाणी चढणं नवं नाही. पावसाळ्यात वाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो, पाणी देवळात येतं, लोक स्नानाला जातात. त्यामुळे पहिले दोन दिवस घरच्यांनी मनावर घेतलं नाही. मग पाणी थांबेचना. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या, रस्ते तुटले, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला. वीज गेली, फोन बंद पडू लागले. मी पुण्यात, घरी आई आणि आजी. आजीला चालता येत नाही. रात्री मी फोनमधली नावं वर-खाली करत होतो. गावात कोण आहे? आमच्या वर्गातले बहुतेक जण पुणे, मुंबई, बेंगळुरूला. मग तांब्या धरून बसलेल्या त्या मित्राचं नाव दिसलं. वडील आजारी पडले म्हणून त्यानं बारावीनंतर शिक्षण सोडलं होतं. म्हशी, दूध, थोडा ऊस. त्याला मी दीड वर्षात एकदाही फोन केला नव्हता.

पहिल्याच रिंगला उचलला. मी लाजत काहीतरी बोलायला लागलो, तर तो म्हणाला, "भावा, काकू आणि आजी संध्याकाळीच आमच्या माडीवर आल्यात. तुझा फोन लागत नव्हता."

सांगायच्या आधीच त्यानं केलं होतं. आणि आमच्याच घरचं नाही. बाहेरगावी गेलेल्या आणखी तीन जणांच्या घरी तो जाऊन आला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे ते गाणं 'जाणाऱ्यांचं' समजून गात होतो. निरोपाची बहुतेक गाणी तशीच असतात. नवी वाट, नवं आकाश, उंच भरारी. मागे राहणाऱ्याला त्यात जागा नसते. 'होतारु नो हिकारी'च्या दुसऱ्या कडव्यात मात्र जाणाऱ्याच्या आधी राहणाऱ्याचा उल्लेख येतो. वर्गात बाईंनी अर्थ सांगितला तेव्हा मला पुराचीच रात्र आठवली. गाणं जाणारे म्हणतात, आणि त्यातला शब्द अनेकदा राहणारे पाळतात.

निरोपाच्या गाण्यातलं वचन मला आता भिशीसारखं वाटतं. भिशीत सगळे मिळून पैसे टाकतात. कोणाला कधी लागतील ते आधी माहीत नसतं. ज्याला नड असते तो पहिल्यांदा उचलतो. रोज भेटलं नाही तरी भिशी मोडत नाही. पण एक नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पहिली भिशी उचलून पुढचे हप्ते बुडवणारा माणूस भिशी न लावणाऱ्यापेक्षा वाईट.

आमच्यातली पहिली भिशी मी उचलली. त्यामुळे 'न विसरणं आपल्या हातात नसतं' ही पळवाट मला उरलेली नाही. आठवण येणं हातात नसेल, हप्ता भरणं असतं. हप्ता म्हणजे भावुक मेसेज नाही. गावी गेल्यावर दोन तास घरच्यांबरोबर तसे दोन तास त्याच्या गोठ्यात. त्याच्या बहिणीच्या ॲडमिशनचा फॉर्म मी रात्री बसून भरणं. त्यानं मागायच्या आत विचारणं.

यावर कोणी म्हणेल, हा तर व्यवहार झाला, मैत्रीत हिशेब कसला? मला उलटं वाटतं. 'मैत्रीत हिशेब नसतो' हे वाक्य बहुतेक वेळा ज्याच्याकडे थकबाकी असते तोच म्हणतो. माझ्या मित्राच्या तोंडून ते मी कधी ऐकलेलं नाही.

कराओके हा शब्द 'रिकामा' आणि 'ऑर्केस्ट्रा' या दोन शब्दांपासून झाला आहे. १९७१ मध्ये कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए या वादकानं ते यंत्र बनवलं. पेटंट घेतलं नाही. सुरुवात अशी झाली की, एका कंपनीच्या मालकाला सहलीत गाण्यासाठी त्याची साथ हवी होती. त्याला जाणं जमत नव्हतं. त्यानं साथ टेपवर भरून पाठवली. म्हणजे कराओकेच्या प्रत्येक ट्रॅकमागे, येऊ न शकलेला एक साथीदार आहे. आपण त्याच्या जिवावर गातो आणि टाळ्या आपल्याला पडतात.

३१ मे २०२२ ला कोलकात्यात कार्यक्रमानंतर केके गेला. त्या रात्री आमचा झोपलेला ग्रुप जागा झाला, स्टेटसवर सगळीकडे 'यारों'. मी त्या मित्राला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याला विचारलं, तू त्या दिवशी का गायला नाहीस रे?

"गायचं होतं की," तो म्हणाला. "पण तांब्या कोणी धरायचा?"

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा त्याच्या माडीवर फोन मी धरला. तो गायला. सगळं गाणं त्याला पाठ होतं.