‘आणि’पूर्वीचा स्वल्पविराम : एक नैतिक प्रश्न

यादीतील शेवटच्या ‘आणि’पूर्वी स्वल्पविराम द्यावा काय, हा प्रश्न वरवर पाहता मुद्रितशोधकाच्या कक्षेतला वाटतो. शालेय व्याकरणाने त्याचे नकारार्थी उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. परंतु संदिग्धतेचा भार लिहिणाऱ्याने वाहावा की वाचणाऱ्याने, असा तो प्रश्न मांडला की त्याचे नैतिक स्वरूप स्पष्ट होते.

मोडी लेखनात ओळ सलग चाले. शब्द तोडण्याचीही रीत नव्हती. अर्थाची विभागणी प्रत्यय, अव्यये आणि वाचणाऱ्याचा सराव यांवर सोपवलेली असे. लिहिणारा व वाचणारा बहुधा एकाच दप्तरी परंपरेतले असल्याने ते निभावले. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे मराठी गद्यात रुजली, त्याच काळात मुद्रणामुळे लेखकाला अपरिचित असा वाचकही निर्माण होत होता. हा योग अर्थपूर्ण आहे.

या अपरिचित वाचकाचे एक रूप म्हणजे मुळा आणि पवना यांच्या बेचक्यातील सांगवीहून भोसरीच्या वा चाकणच्या कारखान्यात जाणारा कामगार. १९४६च्या स्थायी आदेशविषयक कायद्याने सेवाशर्ती इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावण्याचे बंधन घातले होते. अशा फलकावरील मजकुराला वाचकाने प्रतिप्रश्न करावा तरी कसा?

अमेरिकेतील मेन राज्यात हाच प्रश्न न्यायालयात गेला. जादा कामाच्या वेतनातून वगळलेल्या कामांच्या यादीत शेवटच्या ‘किंवा’पूर्वी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे मालाचे वितरण हे स्वतंत्र काम, की केवळ वितरणासाठी केलेली बांधणी वगळलेली, हे ठरेना. २०१७मध्ये अपील न्यायालयाने संदिग्धतेचा लाभ दूधवाहतूक करणाऱ्या चालकांना दिला. २०१८मध्ये ५० लाख डॉलरची तडजोड झाली.

यावरून मराठीनेही तो स्वल्पविराम सक्तीचा करावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ‘रवानगीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ असे लिहिताच प्रत्ययाची पुनरुक्ती संशय मिटवते. ‘चहा व नाश्ता, आणि प्रवासभत्ता’ या रचनेत ‘व’ने जोडी बांधली जाते, ‘आणि’ने यादी पुढे सरकते, स्वल्पविराम तेथे साहाय्यक ठरतो. उलट ‘ठेकेदार, पर्यवेक्षक, आणि कामगार’ यात ठेकेदार हाच पर्यवेक्षक, असा भलता अर्थ त्या चिन्हानेच संभवतो. ‘एक वर्ष सेवा झालेले हंगामी, बदली आणि रोजंदार कामगार’ येथे तर वर्षाची अट तिघांना लागू की पहिल्यालाच, हे कोणताही स्वल्पविराम सांगू शकत नाही. तेथे वाक्यच नव्याने बांधावे लागते.

सर्वत्र एकच नियम पाळल्याने लेखकाची विवेकातून सुटका होते, असा एकरूपतेच्या बाजूचा युक्तिवाद आहे. त्याची उणीवही तीच आहे. नियम पाळला म्हणून अर्थाची जबाबदारी संपत नाही. स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात स्वल्पविराम राहिला तर तो विचारून घेईल; दैनंदिन लेखनात तेवढी मोकळीक रास्तच आहे. जेथे वाचकाला विचारता येत नाही आणि चुकीच्या अर्थाचा तोटा त्यालाच सोसावा लागतो, तेथे मात्र चिन्ह, प्रत्यय वा नवी वाक्यरचना यांपैकी जे लागेल ते योजणे हे लेखकाचे कर्तव्य होय.