परमुलखात मन का लागत नाही?



गिरगाव-दादरच्या पुष्कळ घरांतील मुले आज परदेशी आहेत. लेक फोनवर म्हणते, "सगळं आहे, पण मन लागत नाही." इकडून उत्तर जाते, "अगं, पांडुरंग सगळीकडे आहे. नाम घे." सिद्धान्त खरा आहे. पण मन न लागणे ही भक्तीतील उणीव मानावी काय?

मानू नये. संतांनी पंढरीला माहेर म्हटले. ज्याला माहेर आहे, त्याला त्याची ओढ असणारच.

नामदेवराय पंढरी सोडून पंजाबात गेले, घुमानला राहिले. तिकडच्या लोकांना कळेल अशा बोलीत त्यांनी पदे रचली. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. बोली बदलली, तरी विठ्ठल तेथेही 'बीठल' होऊन राहिला. मुलूख आपलासा केला आणि नामही सांभाळले.

मात्र नामाला संगत लागते. परळ-लालबागला कोकणातले, घाटावरचे गडी गिरण्यांत आले, तेव्हा बायका-मुले गावीच असत. एका खोलीत एकाच गावचे कितीतरी जण पाळीपाळीने निजत, खानावळीत जेवत. रात्री भजनाला बसत. एखादा दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी कोणी विचारी, "काल का आला नाहीस? बरं नाही का?" या विचारण्यानेच तो तगला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसे पांगली. पगार गेला तसे विचारणारेही गेले, आणि कित्येकांना हीच मुंबई परकी झाली. त्यांनी देश कोठे बदलला होता?

वारीत आपण एकटे चालत नाही. दिंडीत मागे राहिलेल्याची वाट पाहतात, अनोळखी माणसालाही माउली म्हणतात. मुलांना हीच दिंडी तिकडे हवी आहे.

म्हणून उपदेशाआधी विचारावे, "आज कोणाबरोबर जेवलीस?" लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे; असे काही जवळ असेल तेथे जावे. नसेल तर चार घरांनी एकादशीला एकत्र बसावे, परभाषिक शेजाऱ्यालाही बोलवावे. झोप उडाली, अन्न जाईना, तर डॉक्टरांकडे जावे. औषध घेतल्याने नामावरची निष्ठा कमी होत नाही.

आणि इकडे आपल्याच चाळीत परप्रांतातून आलेला एखादा पोरगा एकटा जेवत असेल. आज त्याचे नाव विचारावे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.