नेत्याचे अंतःकरण कसे ओळखावे?



बेथलेहेमात इशायाच्या घरी शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडायला गेला, तेव्हा थोरला मुलगा अलियाब समोर येताच त्याला वाटले, हाच तो! उंच, रुबाबदार, पाहताक्षणी छाप पडावी असा. परमेश्वराने मात्र त्याला बाजूला सारले आणि रानात मेंढरे राखणाऱ्या धाकट्या दावीदाला बोलावून घ्यायला लावले (१ शमुवेल १६). परमेश्वर माणसाचे अंतःकरण पाहतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण मग एक प्रश्न उरतोच. अंतःकरण जर परमेश्वरालाच दिसते, तर आपण काय करावे? पॅरिश कौन्सिलवर, लहान ख्रिस्ती समूहात, युवक मंडळात आपल्यालाही कोणाला तरी निवडावे लागते.

आपल्या भागात हा प्रश्न अधिकच अवघड आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी आली. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. पोटापाण्यासाठी नगर, जालना, सोलापूरकडून आपली कुटुंबे आली. केरळ, तामिळनाडू, गोव्याहूनही आली. गावाकडे माणसाच्या तीन पिढ्या ठाऊक असतात. इथे मिस्साला शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचे आडनावही पुष्कळदा माहीत नसते. मग ओळखीची जागा बाहेरच्या खुणा घेतात. नोकरी पर्मनंट की कंत्राटी? गाडी कोणती? इंग्रजी कसे? माईकवर बोलता येते का? देणगी किती दिली? सोन्याची अंगठी घालून येणाऱ्याला मानाची जागा देणाऱ्या आणि फाटक्या कपड्यांतल्याला उभे ठेवणाऱ्या मंडळीला याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे (अध्याय २). ते पत्र जणू आपल्याच पत्त्यावर आले आहे!

इथे एक खुलासा करायला हवा. नीटनेटके राहणे किंवा चांगले बोलता येणे हा दोष नव्हे. दावीदही देखणा होता, असे त्याच अध्यायात लिहिले आहे. उलट, साधेपणाचेही प्रदर्शन मांडता येते. उपवासात चेहरा उतरवून फिरणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटले ते ह्याचसाठी (मत्तय ६). तेव्हा इस्त्रीच्या शर्टाऐवजी खादीचा झब्बा पाहून माणूस निवडला, तरी आपण पाहिला तो कपडाच.

मग पाहायचे काय? शौल आणि दावीद ह्या दोन राजांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर उत्तर सापडते. पाप दोघांनीही केले. माणसांच्या हिशेबाने दावीदाचे पाप अधिक घोर होते. त्याने दुसऱ्याची पत्नी घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवले. पण नाथान संदेष्ट्याने चूक दाखवली, तेव्हा त्याने सबब सांगितली नाही, लगेच पाप कबूल केले. शौलाला शमुवेलाने चूक दाखवली, तेव्हा त्याने आधी लोकांवर खापर फोडले. शेवटी पाप मान्य केले तेही ह्या विनंतीसह, की वडीलधाऱ्यांपुढे माझा मान राखा. म्हणजे अंतःकरण ओळखण्याची वेळ कोणती? चूक दाखवली जाते ती वेळ. तेव्हा ज्याला सत्याची चाड असते तो वाकतो, आणि ज्याला प्रतिमेची चाड असते तो ती सावरू लागतो.

आपल्यापैकी जे फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये काम करतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसते, पण आत ब्लो होल असला तर दाब दिल्यावरच कळते. रंग कितीही चांगला दिला तरी ती पोकळी भरून निघत नाही.

ही पोकळी दुर्लक्षित राहिली की केवढी किंमत मोजावी लागते, हे ख्रिस्तसभेने अनुभवले आहे. अमेरिकेतील थिओडोर मॅककॅरिक हे कार्डिनलपदापर्यंत पोहोचले. लोकांना जिंकणारे आणि निधी उभारण्यात वाकबगार असा त्यांचा लौकिक होता. लैंगिक अत्याचाराचे गुन्हे सिद्ध झाल्यावर २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांना धर्मगुरुपदावरून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात पोप फ्रान्सिस ह्यांनी अशा अत्याचारांची आणि ते दडपण्याच्या प्रयत्नांचीही माहिती देणे धर्मगुरू व धर्मभगिनींना बंधनकारक केले. संस्थेचे नाव सांभाळण्यापेक्षा पीडिताचे ऐकणे मोठे, हा त्याचा अर्थ आहे.

आणि चांगले नेतृत्व कसे असते? फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात पाणलोटाच्या कामात रमले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या कार्यक्रमात गावकऱ्यांनी श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची आणि कारभार गावाच्याच समितीने पाहायचा, अशी रीत होती. चर आणि बांध ह्यांत डोळे दिपवण्यासारखे काही नसते. पाणी जमिनीत मुरते तेही दिसत नाही. ते कळते उन्हाळ्यात, विहिरीत डोकावल्यावर. नेत्याचेही तसेच आहे. तो निघून गेल्यावर लोक उभे राहतात की कोसळतात, ह्यावरून त्याचे मोल ठरते.

म्हणून पुढच्या वेळी एखादे नाव सुचवताना आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही, त्या कंत्राटी कामगाराशी, सफाई करणाऱ्या मावशीशी ही व्यक्ती कशी वागते? हिशेब मागितला तर चिडते का? आणि हिला तोंडावर 'तुमचे चुकले' असे सांगता येते का?

ह्या प्रश्नांची उत्तरे एका रविवारी मिळत नाहीत. त्यासाठी एकमेकांच्या घरी जावे लागते, आजारपणात, अडचणीत सोबत राहावे लागते. परमेश्वराप्रमाणे आपल्याला अंतःकरण एकदम दिसत नाही. सहवासातून ते हळूहळू उलगडते. आणि हे तीन प्रश्न जसे आपल्या पुढाऱ्यांसाठी आहेत, तसेच ते आपल्यासाठीही आहेत.

शिष्यांचे पाय धुणारा प्रभू आपणा सर्वांना ती नजर देवो. आमेन.