चित्रातील स्त्रीचे नाव

विसाव्या शतकाच्या आरंभी मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या फ्रान्सच्या ताब्यातील कॅरिबियन बेटांवरून असंख्य चित्रकार्डे टपालाने युरोपात जात असत. त्यांतील पुष्कळशा कार्डांवर एखादी क्रिओल स्त्री उभी दिसते. क्रिओल म्हणजे तेथेच जन्मलेले, आफ्रिकी व युरोपीय वारशाच्या मिश्रणातून घडलेले लोक. पायघोळ झगा एका बाजूने उचलून खोचलेला, आत लेसचा परकर, खांद्यावर तिरपी घडी घातलेला रुमाल, गळ्यात सोन्याच्या मण्यांच्या माळा आणि मस्तकावर चौकटीच्या कापडाचे बांधणे. खाली छापलेला मजकूर मात्र एवढाच असे: 'क्रिओल प्रकार', नाहीतर 'क्रिओल पोशाख'. नाव नाही.

गुरुविद्यालयात आम्हांला बोएथियसने केलेली 'व्यक्ती'ची व्याख्या शिकावी लागे. परीक्षेपुरती ती मी शिकलो. तिचा अर्थ मात्र मला ही कार्डे पाहताना उमगला, हे कबूल केले पाहिजे. प्रकाराचे नमुने असतात. एक नमुना हरवला तर दुसरा चालतो. व्यक्तीच्या जागी दुसरी व्यक्ती चालत नाही.

या संदर्भात एक गोष्ट फार बोचते. १८४८ साली फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. तोवर गुलामांना आडनावच नव्हते. मुक्त झालेल्यांना आडनावे देऊन सरकारी वह्यांत नोंदवण्यात आले आणि मार्टिनिकमध्ये त्या वह्यांना नाव पडले 'व्यक्तित्वाच्या नोंदी'! कार्डांवरील कित्येक स्त्रियांच्या आज्यांना अशीच आडनावे मिळाली असणार. ती मिळून जेमतेम साठ वर्षे होतात, तोच छायाचित्रकार नातीचे नाव पुन्हा गाळून टाकतो. यात त्याने कोणाला मारले नाही, काही लुबाडले नाही. तरीही काहीतरी हिरावले गेलेच.

१९०४ च्या सुमारापर्यंत फ्रेंच कार्डाची मागची बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. त्यामुळे पाठवणारा आपला निरोप चित्राच्याच बाजूला, तिच्या झग्याभोवती उरलेल्या कोऱ्या जागेत लिही. कोण्या परक्याची खुशाली तिच्या पायांशी!

मग ही चित्रे पाहूच नयेत का? माझे मत तसे नाही. तो पोशाख छायाचित्रकाराने शिवलेला नव्हता. मस्तकावरचे ते कापड 'मद्रास' या नावाने ओळखले जाते, कारण ते मुळात आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मागांवरून गेले. (ते विणणाऱ्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.) स्पॅनिश अमलाखालील लुइझियानात १७८६ साली गव्हर्नर मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस कापडाने बांधावेत असा हुकूम काढला. हेतू त्यांना खाली दाखवण्याचा होता. त्या स्त्रियांनी त्याच कापडाचा दागिना केला. मार्टिनिकमध्ये तर बांधण्याची टोके किती, यावरून स्त्रीचे मन मोकळे आहे की गुंतलेले ते कळे, असे लोक सांगतात. खरेखोटे कसेही असो, जी स्त्री असे काही सांगू शकते ती नुसता नमुना नाही.

८ मे १९०२ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सकाळी, पेले ज्वालामुखीने मार्टिनिकमधील सेंट-पिएर शहर काही मिनिटांत भस्म केले. सुमारे २८ हजार माणसे मेली. पुढे त्या उद्ध्वस्त शहराचीही कार्डे निघाली आणि खपली. त्याआधीच्या कार्डांवरील काही स्त्रिया त्याच शहरातल्या असतील, त्या सकाळी सणाचा पोशाख करून मिस्साला निघालेल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मगुरूने त्यांना नावानेच हाक मारली होती.

आता असे कार्ड हाती आले की मी खालची छापील ओळ अंगठ्याने झाकतो आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहतो. ती बहुधा हसत नसते.