गहिवर आणि हजेरीपट

आर्णी तालुक्यात शाळेवरून वाद पेटला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'आम्ही बी झेडपीतच शिकलो, काय बिघडलं?' आणि 'इंग्लिश मिडियममध्ये नाही टाकलं, तर पोट्टं वावरातच राहीन.' दोन्हीकडे गळा दाटलेला असतो आणि दोघंही मनापासून बोलत असतात. पण पहिलं वाक्य जो शिकून पुढे गेला तोच बोलतो. चौथीतून गळालेला त्याचा वर्गमित्र सत्काराच्या मंचावर नसतो. दुसऱ्या वाक्यातली भीती कापूस-सोयाबीनच्या भावानं शिकवलेली आहे, ती खोटी कशी म्हणावी? मात्र शाळेची पाटी इंग्रजी असली म्हणजे आतलं शिकवणंही चांगलंच, हे कोणी वर्गात बसून पाहिलेलं नसतं.

म्हणून शिक्षणाच्या चर्चेतून भावनाच काढून टाका, असं शहाणे लोक सुचवतात. मला ते मान्य नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात संताप आहेच. पण त्याच्या जोडीला रोकडा हिशोब आहे: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. त्यातूनच निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी उभी राहिली. संताप होता म्हणून हिशोब लटका पडला नाही.

आता तिसरं वाक्य. 'सहा लेकरांसाठी दोन मास्तर कशाला?' यात आकडा आहे, म्हणून ते विवेकाचं समजलं जातं. खरं तर यातही चीडच बोलते, फक्त ती हिशोबाच्या भाषेत बोलते. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं होती, म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा. शिक्षण खात्यानं त्या एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले आणि तोरणमाळ व पानशेतचे दाखले दिले. या दाखल्यांवरून असं करता येतं एवढंच कळतं. आर्णीतल्या तांड्यावर किंवा पोडावर ते जमेल का, हा प्रश्न उरतोच. घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणारी सहा वर्षांची मुलगी नागपूर-तुळजापूर महामार्ग रोज कशी ओलांडणार? नाल्याला पूर आला की गाडी येणार का? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असा राज्याचा नियम आहे. तो बाजूला ठेवायचा असेल, तर त्याची किंमत मांडायची जबाबदारी प्रस्ताव आणणाऱ्याची आहे.

उलट बाजूलाही सूट नाही. 'शाळा गेली की गाव मेलं' म्हणणाऱ्यांनी सांगावं, की पाच इयत्ता एकाच खोलीत, एकाच गुरुजींसमोर बसतात, त्यातल्या तिसरीच्या पोराला दुसरीचा धडा वाचता येतो का. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या जेमतेम २३.४ टक्के मुलांना तो वाचता आला. इमारत वाचवून हा आकडा आपोआप हलत नाही. (इमारतीसाठी मोर्चा निघतो, वाचनासाठी निघाल्याचं मी तरी पाहिलं नाही.)

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. तेव्हा समायोजनाचा, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिसळण्याचा, कागद गावात येईल, त्या दिवशी समितीनं अंतर, वाहन, शिक्षक आणि प्रत्येक लेकराचं वाचन ठरावात लिहून घ्यावं. सही त्यानंतर करावी.