किलोचा भाव आणि हत्याराचा भाव



शनिवारी काष्टीचा बाजार भरतो. श्रीगोंदे तालुक्यातले हे गाव दौंड-अहिल्यानगर रस्त्यावर आहे आणि बैल, गाई, शेळ्यांच्या खरेदी-विक्रीसाठी त्याचे नाव दूरवर घेतले जाते. समजा, तुम्हाला जनावर घ्यायचे नाही. तुम्ही सहज हिंडत बाजाराच्या कडेला जाता. तेथे एकाने पोते पसरून जुने लोखंड मांडले आहे. दांडा नसलेल्या कुऱ्हाडी, बोथट पटाश्या, गंजलेले पाने, पहार, एखादा रंधा, आणि त्यांच्यामध्ये एक जडशीळ व्हाइस. तुमचा हात त्या व्हाइसवर जातो. गंज वरवरचा आहे, लोखंडात खड्डे पडलेले नाहीत. दांडी फिरवली तर आटे झिजलेले वाटत नाहीत. दोन्ही जबडे नीट मिटतात. नव्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. विकणारा जो भाव सांगतो तो ऐकून तुमच्या मनात आनंदाची एक लहर उठते, आणि ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तुम्ही खाली पाहता.

आता हाच व्हाइस दुसऱ्या जागी पाहा. काष्टीपासून काही कोसांवरच्या एका वस्तीवर एक सुतार वारला आहे. त्याची पत्र्याची पेटी पडवीत पडून आहे. घरात पैशाची निकड आहे. तुम्ही त्या घराच्या ओळखीचे. विधवा म्हणते, "भाऊ, हे लोखंड कोणी किलोवर घेत असेल तर बघा." पडवीच्या खुंटीला ताणकाटा लटकलेलाच आहे. समजा भंगाराचा भाव किलोला 30 रुपये धरला आणि व्हाइस 12 किलोचा भरला, तर 360 रुपये झाले. तोच व्हाइस पुण्याच्या जुन्या बाजारात, जेथे बुधवारी आणि रविवारी अशाच वस्तूंचे गुण जाणणारे लोक येतात, याच्या कितीतरी पट किमतीला जाईल, हे तुम्ही जाणता. ती जाणत नाही. तुम्ही खोटे बोललेला नाहीत. भाव तिनेच सांगितला आहे.

दोन्ही ठिकाणी वस्तू तीच आणि गिऱ्हाईकही तेच. दोन्ही ठिकाणी स्वस्त मिळालेला माल सारखाच हलाल आहे का?

घाईने उत्तर देणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, व्यापार म्हणजे व्यापार. दोघे राजी असले की संपले. दिव्य कुरआननेही परस्पर संमतीच्या व्यापाराला मुभा दिली आहे (सूरह अन्-निसा, आयत 29), हा त्याचा आधार. दुसरा म्हणतो, ज्याला जास्त कळते त्याने कमी कळणाऱ्याकडून एक पैसाही मिळवणे म्हणजे लूट. हा दुसरा दिसायला अधिक धार्मिक वाटतो, पण त्याचे म्हणणे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीशी जुळत नाही. शहरी माणसाने रानातून आलेल्या बदूचा दलाल होऊन त्याचा माल विकू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आणि कारण दिले की लोकांना मोकळे सोडा, अल्लाह काहींना काहींच्या द्वारे रोजी देत असतो. हजरत जाबिर (रजि.) यांची ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे बदूने शहराच्या भावापेक्षा थोडे स्वस्त विकले आणि शहरातल्या गरिबाला ते मिळाले, तर त्यात अल्लाहच्या देण्याचा हात आहे. पारखी नजरही अशीच एक देणगी आहे. गंजाखालचे चांगले पोलाद ओळखायला वर्षे लागतात. जो भंगारवाला गावोगाव फिरून हत्यारे गोळा करतो, रॉकेलमध्ये भिजत घालतो, कानशीने धार लावतो, नवा दांडा बसवतो, त्याने फरकाचे पैसे घामाने मिळवले आहेत. त्याला लुटारू म्हणणे हाच अन्याय ठरेल.

परंतु त्याच प्रेषितांनी (स.) आणखी एक गोष्ट मना केली. बाजाराकडे येणाऱ्या काफिल्याला वाटेतच गाठून माल विकत घेऊ नका, असे ते म्हणाले; आणि कोणी तसे घेतलेच, तर बाजारात पोहोचल्यावर मालकाला सौदा मोडण्याचा अधिकार राहील, असेही सांगितले. या दोन हदीसी शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्या प्रश्नाची गाठ सुटू लागते, असे मला वाटते. बदू स्वतः बाजारात आला आहे. त्याच्या भोवती दहा गिऱ्हाइके आहेत. एकाने कमी मागितले तर दुसरा वाढवून देईल. भाव त्याच्या कानांपर्यंत पोहोचू शकतो. काफिल्याच्या मालकाला मात्र ती संधी मिळालीच नाही. तो बाजारापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा माल गेला.

काष्टीच्या बाजारात पोते पसरून बसलेला माणूस बाजारात आलेला आहे. पडवीतली ती पेटी अजून वाटेतही लागलेली नाही.

म्हणून बाजारात तुम्ही खुशाल घासाघीस करा. प्रेषितांनी (स.) स्वतः हजरत जाबिर (रजि.) यांच्या उंटाचा भाव ठरवला होता. अर्थात त्या घटनेचा शेवटही विसरू नये. जाबिर यांचे वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले होते, डोक्यावर कर्ज होते, घरात बहिणी होत्या. मदीनेस पोहोचल्यावर प्रेषितांनी (स.) ठरलेली किंमत दिली, वर थोडे अधिक दिले आणि उंटही परत केला.

घासाघिशीत एक गोष्ट मात्र बाजारातही चालत नाही, आणि नेमकी तीच आपल्या जिभेला सर्वांत सवयीची आहे. "अहो, हे काय, गंजून गेलंय, भंगारात घालायच्या लायकीचं!" मनात एक, तोंडात दुसरे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना मापात पाप करू नका असे सांगितले, आणि लागलीच लोकांच्या वस्तूंना उणेपणा आणू नका, असेही बजावले. कुरआनमध्ये ही ताकीद अल्-आराफ, हूद आणि अश्-शुअरा या तीन सूरहमध्ये आली आहे. माप विकणाऱ्याच्या हातात असते, म्हणून आपण तो उपदेश दुकानदाराचा समजून पुढे जातो. वस्तूला उणे ठरवण्याची जीभ मात्र बहुतेक वेळा घेणाऱ्याची असते. तेथे ‘बख्स’ हे मूळ आहे. तेच मूळ सूरह यूसुफमध्ये भेटते, जेथे विहिरीतून काढलेला मुलगा मोजक्या दिरहमांच्या क्षुल्लक किमतीला विकला जातो. हजरत यूसुफ (अ.) यांचे मोल न कळलेले लोक आणि रंध्याचे मोल कळूनही न कळल्यासारखे करणारे आपण, यांच्यात फरक आहे खरा, पण तो आपल्या बाजूने पडत नाही.

आणखी एक. शुऐब (अ.) यांच्या त्या ताकिदीत शब्द ‘लोकांच्या’ असा आहे. ती वस्तीवरची बाई कोणत्या जातीधर्माची आहे, हा प्रश्न तेथे उरतच नाही.

आता त्या पडवीकडे परत जाऊ. फिक्‌हच्या पंडितांनी या प्रकाराला ‘गबन’ असे नाव दिले आहे, म्हणजे किमतीतली खोट. बारीकसारीक खोट सर्वच व्यवहारांत असते. ती कोणी मोजत नाही. जाणकारांच्या कोणत्याच अंदाजात न बसणारी खोट म्हणजे ‘गबन-ए-फाहिश’. उस्मानी राज्यात 1869 ते 1876 या काळात हनफी फिक्‌हच्या आधारे ‘मजल्ला’ ही संहिता सिद्ध झाली. तिने ही मर्यादा आकड्यांत बांधली: जंगम मालात किमतीचा विसावा भाग, जनावरांत दहावा, स्थावरात पाचवा. आपल्या व्हाइसचे गणित या मर्यादेच्या किती पलीकडे गेले आहे ते तुम्हीच पाहा. तरीही हनफी मतानुसार, फसवणूक झालेली नसेल तर केवळ खोट मोठी आहे एवढ्यावरून सौदा मोडता येत नाही. येथे आपला पहिला मित्र, "दोघे राजी असले की संपले" म्हणणारा, हसून मान डोलावेल.

परंतु त्याच नियमाला ‘मजल्ला’ने एक अपवाद जोडला आहे, आणि तो वाचताना माझा हात थांबला. माल यतीमांचा असेल तर एवढ्या खोटीची विक्री ग्राह्यच नाही. तेथे फसवणूक झाली की नाही हा प्रश्नही विचारला जात नाही. वक्फ आणि बैतुल माल यांची संपत्तीही याच रांगेत बसवली आहे.

सुतार वारला, त्या क्षणी त्याची पेटी वारसांची झाली. कुटुंब मुस्लिम असेल, तर संततीच्या उपस्थितीत पत्नीचा वाटा आठवा. आई-वडील हयात असतील तर त्यांचे वाटे ठरलेले आहेत. उरलेले मुलांचे. ती मुले लहान असतील, तर त्या रंध्यांचा, पटाश्यांचा, गिरमिटाचा मोठा हिस्सा अंगणात गोट्या खेळणाऱ्या पोरांच्या मालकीचा आहे. आई उदार मनाने "घेऊन जा भाऊ, काय करायचंय आम्हाला" म्हणाली, तरी मुलांच्या वाट्याचे औदार्य करण्याचा तिला अधिकार नाही. आणि मालकी कोणाची हे जाणणाऱ्या तुम्हाला ते स्वीकारण्याचाही नाही. यतीमांचा माल अन्यायाने खाणारा पोटात आग भरतो, ही सूरह अन्-निसामधील ताकीद आपण वाझमध्ये अनेकदा ऐकली आहे. ऐकताना डोळ्यांपुढे जमिनी बळकावणारे चुलते येतात. 360 रुपयांचा व्हाइस येत नाही. (अशा व्यवहाराचा प्रत्यक्ष निर्णय घ्यायचा झाल्यास जवळच्या जाणकार आलिमांना विचारावे; तपशिलाने हुकूम बदलतो.)

मग काय, दुसऱ्याच्या अडचणीपुढे आपण नेहमी वाढवूनच द्यायचे? इमाम गज्जाली यांनी ‘इह्या’मध्ये या प्रश्नाचा मोठा व्यवहारी विचार केला आहे. गरीब वा दुबळ्याकडून घेताना जाणूनबुजून थोडी खोट आपल्या अंगावर घ्यावी, हा एहसान. पण नफ्यासाठीच बसलेल्या धनवान व्यापाऱ्याला जास्त देण्यात कसलेच पुण्य नाही, तेथे पैसा फुकट जातो, असे ते सांगतात. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या माणसाने एक घोडा 300 दिरहमांना ठरवून आणला. जरीर मालकाला म्हणाले, तुझा घोडा याहून चांगला आहे. आणि वाढवत वाढवत 800 ला घेतला. कारण विचारल्यावर त्यांनी प्रेषितांना (स.) दिलेल्या वचनाची आठवण सांगितली: प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याचे वचन.

हे वाचून कोणी तरुण म्हणेल, जरीर यांच्यापाशी 800 दिरहम होते, माझ्यापाशी 500 रुपये आहेत. मी फिटरचे काम नुकतेच शिकलो आहे, नवी हत्यारे घेण्याची ऐपत नाही, जुनीच स्वस्तात मिळाली तर माझे घर चालेल. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि त्याला देण्यासारखी एक हदीस आहे, अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांतली. एक अन्सारी प्रेषितांकडे (स.) काही मागायला आला. घरात काय आहे, असे विचारता एक जाड चादर आणि पाणी पिण्याचा वाडगा, एवढेच निघाले. प्रेषितांनी (स.) ते मागवून सर्वांसमोर हातात धरले आणि विचारले, कोण घेतो? एकाने एक दिरहम सांगितला. यापेक्षा अधिक कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले; दुसऱ्याने दोन दिरहम दिले. एका दिरहमाचे घरी अन्न गेले. दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आले, त्याला प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकण्यास त्याला पाठवले. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

आपल्या जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. शेजारच्याला कळू नये हा तिचा हेतू. मदीनेतल्या त्या गरिबाच्या वाडग्याचा भाव मात्र उघड्यावर पुकारला गेला, आणि एक दिरहम आल्यावर पुकारणे थांबले नाही. त्या तरुण फिटरने आपल्याला त्या अन्साऱ्याच्या जागी पाहावे. त्याच्या हातीही हत्यार येवो. पण विकणाऱ्या घरासाठी "आणखी कोण देतो" असे विचारणारा कोणी तरी हवा, आणि पडवीत दुसरे कोणी नसेल तर ते त्यालाच विचारावे लागेल.

पेटी घेतलीच, तर ती तेथेच, मालकांसमोर रिकामी करून पाहावी. सुतारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात काय काय असते! पटाश्यांखाली जुनी उधारीची वही, चिंधीत गुंडाळलेल्या नोटा, बायकोची मोडायला काढलेली नथ. जमीन विकत घेतलेल्या माणसाला तिच्यात सोन्याचा घडा सापडला, तेव्हा "मी जमीन घेतली, सोने नव्हे" म्हणत तो विकणाऱ्याकडे गेला, आणि "जमिनीसह सर्व दिले" म्हणत विकणारा घेईना, ही पूर्वीच्या काळातली गोष्ट प्रेषितांनी (स.) सांगितली आहे. भांडण मध्यस्थाकडे गेले आणि एकाच्या मुलाचा दुसऱ्याच्या मुलीशी निकाह लावून, सोने त्यांच्यावर खर्च करून मिटले. आपल्याकडे असे भांडण कोणी करताना अजून तरी ऐकिवात नाही.

तर ताणकाटा खुंटीलाच राहू द्या. "भाभी, हे लोखंड नाही, ही हत्यारे आहेत, यांचा भाव वेगळा असतो," एवढे एक वाक्य त्या पडवीत बोला. व्हाइसचे बाजारात काय येतील ते सांगा. नेण्या-आणण्याचे आणि साफसफाईचे वजा करून तुम्ही किती देऊ शकता तेही सांगा. पैसे कमी पडत असतील तर तेवढा व्हाइसच घ्या. रंधे आणि पटाश्या तिथेच राहू द्या, काष्टीत त्या घेऊ शकेल अशा एखाद्या सुताराचे नाव देऊन या. त्या पेटीला शनिवारपर्यंत थांबायला हरकत नाही.