शेवटचं पान

आजचा शास्त्रभाग: लूक १५:११-३२



उधळ्या पुत्राचा दाखला आपण संडेस्कूलपासून ऐकतोय. डुकरांच्या शेंगा, बापाची मिठी, बोटातली अंगठी, सगळं पाठ आहे. पण आज शेवटच्या आठ वचनांवर थांबूया. थोरला भाऊ शेतातून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि रागाने बाहेरच उभा राहतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो, त्याच्याशी बोलतो. आणि दाखला तिथेच संपतो. तो आत गेला का? लूक सांगत नाही.

इतकी वर्षं वाचून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. या वर्षी आलं, ते मीच लिहिलेल्या एका कथेमुळे.

आम्ही पाच जण महिन्यातून एकदा उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत बसतो. ख्रिस्ती कथा लिहितो, एकमेकांना वाचून दाखवतो, चहा-वडापाव होतो. ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुईस, टॉल्किन आणि त्यांचे मित्र असेच दर गुरुवारी संध्याकाळी लुईसच्या खोलीत जमायचे आणि एकमेकांचं लिखाण ऐकून बिनधास्त मतं द्यायचे. टॉल्किनला लुईसची नार्निया आवडली नाही. पण लुईस मागे लागला नसता, तर आपलं मोठं पुस्तक पूर्णच झालं नसतं, असंही टॉल्किननेच म्हणून ठेवलंय. आमची मात्र एक खोड आहे. कथेत येशूचं नाव आलं की सगळे आमेन म्हणतात. मग कथा कशी झाली हे बोलायची हिंमत कोण करणार?

माझी कथा नाताळ अंकासाठी होती. एक भाऊ चर्चला येणं सोडतो. वडील आजारात जातात आणि दफनविधीच्या दिवशीच कुणीतरी त्याला म्हणतं, तुमच्या प्रार्थनेत विश्वास कमी पडला. नंतर सहा वर्षं तो आत पाऊल ठेवत नाही. शेवटच्या पानावर, नाताळच्या आदल्या रात्री, तो गुपचूप येऊन मागच्या बाकावर बसतो आणि रडतो.

शेवटचं पान सोडलं तर हे सगळं आमच्या घरात घडलेलं आहे. तो भाऊ म्हणजे माझा दादा.

वाचून झालं. आमेन झालं. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाई, निवृत्त शिक्षिका आहेत, चष्मा काढून म्हणाल्या, "तो का आला, ते मला कळलं नाही गं. तुला तो यायला हवा होता, म्हणून आला."

मला राग आला. घरी येऊन तोच कागद दादाच्या हातात दिला. मला वाटलं होतं, त्याला भरून येईल. त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "छान लिहितेस. शेवटच्या पानाआधी मला विचारायचं होतंस."

त्या रात्री मी स्वतःशी बरंच भांडले. म्हटलं, कथाच तर आहे. कल्पनेतलं लिहिणं खोटं बोलणं असतं का? २ शमुवेल १२ मध्ये नाथान दावीदाला एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. असा माणूस नव्हता, अशी मेंढी नव्हती, तरी त्याला लबाड कुणी म्हणत नाही. पण नीट बघा, नाथान निकाल सांगत नाही. तो गोष्ट सांगतो आणि थांबतो. संतापून शिक्षा ठरवतो तो दावीद. आधी तो स्वतःच्या तोंडाने बोलतो, मग नाथान सांगतो की तो माणूस तूच.

मग मला बाबा पदमनजी आठवले. त्यांची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, म्हणजे विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीची. बरेच अभ्यासक तिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. म्हणजे आपल्या भाषेतल्या कादंबरीची सुरुवातच एका ख्रिस्ती माणसाच्या हातून झाली. (याचा मला उगाचच अभिमान आहे.) यमुना प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांचं दुःख बघते, मग स्वतः विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. प्रामाणिकपणे सांगते, लेखक त्या बायकांचं ऐकत असतो तिथे मला पुस्तक जिवंत वाटतं. वाद पटवायला लागला की मी पानं भराभर उलटते. तरीही त्यांचा शेवट मी खोटा म्हणणार नाही. पुस्तकाच्या तीनच वर्षं आधी, १८५४ मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला होता. त्या पावलाला काय किंमत पडते हे त्यांना माहीत होतं.

मी काय मोजलं होतं? ती सहा वर्षं दादाची होती. दफनभूमीतलं ते वाक्य त्याने गिळलं होतं. मी ते सगळं उचललं आणि एका पानात मिटवून टाकलं. त्या बोलणाऱ्या माणसाला माझ्या कथेत कुणी माफीही मागायला लावली नाही! रडला तो दादाच.

दादा परत यावा म्हणून मी रोज प्रार्थना करते, आजही केली. प्रार्थनेत मला उत्तराची वाट बघावी लागते, कधी कधी नको इतकी. कथेत मी वाट बघितली नाही.

म्हणून थोरल्या भावाशी येऊन अडखळले. प्रभूला तो दाखला पूर्ण करता आला नसता का? पण अध्यायाच्या सुरुवातीला बघा, कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री समोरच उभे आहेत. आत जायचं की नाही हे त्यांचं अजून ठरायचंय, आणि प्रभू त्यांच्या वतीने ठरवत नाही. पण बापाला मात्र तो बाहेर आणतो.

मी शेवटचं पान काढलं. आता कथेत भाऊ गेटबाहेर गाडी लावून उभा आहे, आतून गाणी ऐकू येतायत. ते वाक्य बोललेला माणूस बाहेर येतो आणि त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो. अंकाच्या संपादकांचा फोन आला, "मग आत गेला की नाही? लोक विचारतील." बाईंनी मात्र काही न बोलता माझ्या बशीत अजून एक वडा ठेवला.

या वेळी छापायला देण्याआधी दादाला विचारलं, "तू गेटवर असतास तर काय केलं असतंस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माहीत नाही. तो काय बोलतो, ते आधी ऐकलं असतं."

उद्या योना ४ वाचूया.